बत्ती गुल होण्यापूर्वी...

१२ ऑक्टोबर २०२०. सोमवारची सकाळ, दहाचा सुमार. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग एकाएकी विजेविना झाला. लोकल जागच्या जागी थबकल्या, रस्त्यांवरील सिग्नल मालवले, ऑनलाइन परीक्षा खोळंबल्या. कळवा-पडघा परिसरातील उच्चदाब वाहिन्यांवर झालेला बिघाड हे त्याचे निमित्त. संकटकाळी शहराचे वीजजाळे बाहेरच्या ग्रीडपासून तोडून स्वतंत्रपणे चालू ठेवणारी 'आयलंडिंग' यंत्रणा मुंबईत कित्येक दशकांपासून आहे. मात्र त्या दिवशी तीही टिकाव धरू शकली नाही. काही भागांत दोन-अडीच तासांत दिवे लागले, काही उपनगरांना संध्याकाळ उलटेपर्यंत वाट पाहावी लागली. करोनाचा काळ असल्याने निम्मे शहर घरातूनच कचेरीचे काम करीत होते आणि अनेक घरांत प्राणवायूच्या यंत्रावर रुग्ण होते.

त्या दिवशी एक गोष्ट ठळकपणे दिसली. ज्यांनी वीज जाण्याचा अनुभव घेतला होता, ते शांत होते. २००५ ते २०१२ या काळात राज्याच्या बहुतांश भागाने भारनियमनाचे चटके सोसले. नाशिक, सोलापूर वा अमरावतीच्या घराघरांत तेव्हा इन्व्हर्टर आले, चार्जिंगचे दिवे आले, दळण कधी टाकायचे आणि पंप कधी लावायचा याची वेळापत्रके पाठ झाली. पुण्याने २००६ मध्ये उद्योगांच्या स्वतःच्या वीजनिर्मिती संचांच्या आधारे, जादा आकार मोजून, भारनियमनातून सुटका करून घेतली. मुंबई तर या साऱ्यापासून दूरच राहिली. परिणामी मुंबईकरांच्या घरात अडीअडचणीला मेणबत्ती सापडेल, पण काडेपेटी कुठे आहे हे विचारावे लागेल, अशी स्थिती.

भारनियमनाचे ते दिवस शहरांतून बव्हंशी सरले आहेत. कोळशाच्या टंचाईने ऑक्टोबर २०१७ आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याची आठवण करून दिली, एवढेच. तरीही वीज जाते. देखभाल-दुरुस्तीसाठी जाते (पुण्यात त्यासाठी गुरुवार ठरलेला), रस्ता खोदताना भूमिगत केबल तुटल्याने जाते, पहिल्या वळवाच्या सरीत झाडाची फांदी तारांवर पडल्याने जाते. आणि कधी कधी ती दिवसेंदिवस येत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईच्या उपनगरांतील अनेक वस्त्या कित्येक दिवस अंधारात होत्या. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील काही गावांत वीज परतण्यास आठवडे लागले. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडनेही तोच अनुभव घेतला. तेव्हा तयारी करायची ती दोन वेगवेगळ्या प्रसंगांची : चार-सहा तासांची आणि दोन-तीन दिवसांची. पहिलीला थोडा खर्च आणि दुसरीला थोडा विचार लागतो.

घरात काय थांबता कामा नये?

तयारीचा विषय निघाला की बहुतेक कुटुंबे थेट इन्व्हर्टरच्या दुकानात पोहोचतात. वस्तुतः त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावयास हवे. वीज गेल्यावर या घरातील कोणती गोष्ट थांबली, तर केवळ गैरसोय न होता धोका निर्माण होईल? बहुतेक घरांत त्याचे उत्तर 'काहीच नाही' असे असते; पंखा बंद पडला तर घाम येईल, दूरदर्शन संच बंद पडला तर मालिका बुडेल, इतकेच. परंतु ज्या घरात प्राणवायू पुरविणारे यंत्र, रात्री झोपताना लावायचे बायपॅप वा सीपॅप यंत्र, वाफ देणारे नेब्युलायझर किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हवेची गादी आहे, तेथे हिशेब निराळा.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र खोलीतील हवेतून प्राणवायू वेगळा काढते. मिनिटाला पाच लिटर क्षमतेचे यंत्र साधारणपणे ३०० ते ३५० वॉट वीज खाते. त्यात साठवणूक अशी नसते. वीज गेली की प्राणवायू थांबला. सर्वसाधारण घरगुती इन्व्हर्टरवर, दुसरे काहीही चालू न ठेवता, असे यंत्र जेमतेम तीन ते साडेतीन तास चालेल. म्हणून अशा घरात भरलेला प्राणवायूचा सिलिंडर, त्यावर बसणारा रेग्युलेटर आणि नळी ही सामग्री सदैव तयार हवी. ती हाताळण्याचा सराव घरातील एकालाच नव्हे, किमान दोघांना हवा. सिलिंडर बदलून देणाऱ्याचा आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहून लावलेला असावा, कारण मोबाइलची बॅटरी संपली की त्यातले क्रमांकही त्याच्याबरोबर जातात. घरात असा रुग्ण आहे, ही बाब वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयास लेखी कळवून ठेवणेही इष्ट. त्याने वीज जायची थांबणार नाही. पण देखभालीसाठी वीज बंद ठेवायची असेल तर आगाऊ सूचना मागण्यास आधार मिळतो.

मधुमेहींची चिंता इन्सुलिनची. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. वापरात असलेली कुपी वा पेन मात्र साधारणतः चार आठवडे खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३० अंशांच्या खाली, चालते. प्रत्येक उत्पादनाची मुदत वेगळी असल्याने वेष्टनावरील सूचना वाचून घ्यावी. म्हणजे चार तास वीज गेली म्हणून इन्सुलिन फेकण्याचे कारण नाही. प्रश्न येतो तो विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात, जेव्हा खोलीचे तापमानच चाळिशीकडे झुकते. अशा वेळी कुपी घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून तो डबा मातीच्या माठात वा ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवण्याची आपल्याकडील जुनी रीत उपयोगी पडते. बर्फावर थेट ठेवू नये आणि फ्रीजरमध्ये तर कधीच नाही. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखेच दिसते, पण ते वापरण्यायोग्य राहत नाही.

इन्व्हर्टरचे गणित

इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीतील वीज घरच्या उपकरणांना चालेल अशा स्वरूपात बदलून देणारा डबा. तो किती उपकरणे ओढेल हे त्याच्या व्हीए क्षमतेवर आणि किती वेळ ओढेल हे बॅटरीच्या अँपिअर-तासांवर ठरते. दुकानात पहिल्याची चर्चा फार होते, दुसऱ्याची कमी. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर ढोबळमानाने ७०० वॉटपर्यंतचा भार पेलतो. पण तेवढा भार टाकला, तर तो दीड तासही पुरणार नाही.

घरोघरी दिसणारी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी घेऊ. बारा गुणिले दीडशे म्हणजे १,८०० वॉट-तास. हा झाला कागदावरचा आकडा. बॅटरी पूर्ण रिती केली तर तिचे आयुष्य घटते आणि रूपांतरातही काही वीज वाया जाते. म्हणून प्रत्यक्षात हजार-अकराशे वॉट-तासच हाती येतात असे धरावे. आता दोन जुने पंखे (प्रत्येकी ७५ वॉट), नऊ वॉटचे चार एलईडी दिवे आणि दहा वॉटचा वायफाय राउटर लावला, तर भार होतो १९६ वॉट. म्हणजे साडेपाच तासांच्या आसपास सोय झाली. त्याच घरात जुन्या पंख्यांऐवजी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे बसविले, तर भार १०६ वॉटवर येतो आणि तीच बॅटरी दहा तास पुरते. मोठी बॅटरी घेण्यापेक्षा पंखे बदलणे अनेकदा फायद्याचे ठरते, कारण पंखा वर्षभर बिलातही बचत करतो.

फ्रीज, इस्त्री, गीझर, मिक्सर यांना इन्व्हर्टरच्या जोडणीत स्थान नाही. संगणक आणि नाजूक वैद्यकीय उपकरणे असतील, तर 'प्युअर साइन वेव्ह' प्रकारचाच इन्व्हर्टर घ्यावा. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखे घूं घूं आवाज करतात आणि उपकरणेही तापतात. आणखी एक बाब विकत घेताना कुणी सांगत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी पुन्हा भरण्यास आठ ते बारा तास लागतात. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या भागात दुसऱ्या खेपेस ती अर्धीच भरलेली असते.

बॅटरी ठेवायची कोठे, याबाबत आपल्याकडे कमालीची बेफिकिरी दिसते. आम्ल भरलेल्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हा वायू ज्वालाग्राही आहे. तरीही जागेच्या टंचाईपायी बॅटरी बंद कपाटात, पलंगाखाली, इतकेच काय देवघराखालच्या खणात ठेवलेली आढळते, जिच्या वर सकाळ-संध्याकाळ निरांजन तेवत असते. जागा हवेशीर हवी, मुलांच्या हाताला न लागणारी हवी आणि ज्योतीपासून दूर हवी. दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी पाहावी. कमी झाल्यास डिस्टिल्ड वॉटरच भरावे. नळाचे वा घरच्या शुद्धीकरण यंत्राचे पाणी चालत नाही. लिथियमच्या बॅटऱ्यांना ही देखभाल लागत नाही, त्या लवकर भरतातही. मात्र पहिला खर्च अधिक.

गच्चीवर सौर पॅनेल बसविलेल्यांचा एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेनंतर अशा घरांची संख्या वाढली. ग्रीडशी जोडलेली सर्वसाधारण सौर यंत्रणा बाहेरची वीज गेली की, डोक्यावर रणरणते ऊन असले तरी, आपोआप बंद पडते. हा दोष नव्हे. घरातली वीज उलटी तारांत गेली, तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा जीव जाईल, म्हणून केलेली ती व्यवस्था आहे. वीज गेल्यावरही सौरऊर्जा हवी असेल, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. याच कारणाने छोटा जनरेटर घरातील कोणत्याही सॉकेटमध्ये खुपसून वीज 'आत सोडण्याचा' उद्योग कधीही करू नये; त्यासाठी चेंजओव्हर स्विच परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच बसवून घ्यावा. आणि जनरेटर चालवायचा तो उघड्यावरच. बंद बाल्कनीत, जिन्यात वा पार्किंगच्या बंदिस्त कोपऱ्यात त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. थंडीत बंद खोलीत पेटविलेली कोळशाची शेगडीही तितकीच घातक.

पाणी, पीठ आणि फ्रीज

शहरी माणसाला वीज गेल्यावर पहिल्या तासात दिवा आठवतो, तिसऱ्या तासात पाणी. इमारतीच्या तळटाकीतून गच्चीवरील टाकीत पाणी चढविणारा पंप विजेवर चालतो. गच्चीवरची टाकी संपली, की दहाव्या मजल्यावर नळ कोरडा. पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्रही थांबलेले असते. वादळाचा इशारा असेल तेव्हा, किंवा देखभालीची सूचना वर्तमानपत्रात वा मोबाइलवर आली असेल तेव्हा, पिण्याचे पाणी हंडे-कळशांत आणि वापरायचे बादल्यांत भरून ठेवावे. माणशी दिवसाला तीन-चार लिटर पिण्यास व स्वयंपाकास धरून चालावे. फ्लॅटमध्ये हंडा ठेवायला जागा नाही ही तक्रार खरी. दोन मोठे झाकणाचे कॅन पुरतात.

स्वयंपाकघरात इंडक्शनवर सारी मदार ठेवलेल्या घरांची पंचाईत अधिक. गॅस सिलिंडर किंवा नळाचा गॅस असेल तर शेगडी चालते, फक्त विजेवरची ठिणगी पडत नाही; काडेपेटी वा लायटर जागेवर हवा. मिक्सर नाही म्हणजे वाटण नाही, चटणी नाही. पाटा-वरवंटा फ्लॅटमधून कधीच हद्दपार झाला आहे. खलबत्ता तरी असावा. पिठाची गिरणीही थांबलेली असते, म्हणून पावसाळ्यात डब्यात चार दिवसांचे पीठ जादा असू द्यावे. पोहे, शेंगदाणे, दाण्याची चटणी, खाकरा, दुधाची पावडर अशा वस्तूंसाठी वेगळा 'आपत्कालीन संच' करण्याची मराठी घराला गरज नाही; त्या फराळाच्या डब्यात असतातच, फक्त त्या संपत आल्या की भरून ठेवायच्या.

फ्रीजबाबतचा नियम सोपा आणि पाळण्यास अवघड आहे : दार उघडू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आडाख्यानुसार बंद ठेवलेला फ्रीज सुमारे चार तास आतले अन्न सुरक्षित राहील इतका थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. हा हिशेब मोठ्या, स्वतंत्र फ्रीजरचा. आपल्याकडील एकदारी फ्रीजमधील बर्फाचा कप्पा एवढा दम धरत नाही, शिवाय उन्हाळ्यात दर दहा मिनिटांनी कुणीतरी थंड पाण्याच्या बाटलीसाठी दार उघडतेच. वीज जाणार हे आधी ठाऊक असेल, तर पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात आणि पिण्याचे थंड पाणी माठातून घ्यावे. वीज बराच काळ नसेल तर मासे, मटण, दूध, शिजवलेला भात आणि ओल्या खोबऱ्याचे वाटण आधी संपवावे किंवा टाकून द्यावे. लोणचे, लोणी, तूप, फळे यांची काळजी नको. दूध वेळीच तापवून घेतले तर आणखी काही तास निघतात. वास घेऊन वा चव पाहून निर्णय करण्याची सवय मात्र सोडलेली बरी. दूषित अन्नाला प्रत्येक वेळी वास येतोच असे नाही.

उजेडासाठी चार्जिंगचा एलईडी दिवा आणि सेलवरचा टॉर्च, दोन्ही हवेत. पहिला उतरला तर दुसरा. मेणबत्तीने घरे पेटल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचावयास मिळतात. ती लावायचीच असेल तर पाणी घातलेल्या ताटलीत, पडद्यापासून दूर, आणि झोपण्यापूर्वी विझवून. वृद्धांच्या खोलीत टॉर्च उशाशीच असावा. अंधारात स्वच्छतागृहाकडे जाताना झालेले पडणे पुढे खुब्याच्या हाडापर्यंत जाते.

मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्या काही तासांनी संपतात, त्यामुळे पॉवर बँक भरलेली असली तरी संपर्क राहीलच याची खात्री नाही. जुने तांब्याच्या तारेवरचे दूरध्वनी एक्स्चेंजमधून येणाऱ्या विजेवर चालत, म्हणून अंधारातही खणखणत. फायबरवरच्या जोडणीला घरातच वीज लागते. एटीएम आणि यूपीआय दोन्ही बंद पडू शकतात, तेव्हा घरात दोन-तीन दिवसांपुरती रोकड, तीही सुट्ट्या नोटांत, असू द्यावी. सेलवर चालणारा लहान रेडिओ 'निसर्ग'नंतर कोकणात पुन्हा एकदा कामाची वस्तू ठरला असता. बहुतेक घरांत तो नव्हता.

सोसायटीचा जनरेटर चालतो का?

बहुमजली इमारतीत घरची तयारी अर्धीच असते, उरलेली सोसायटीच्या हाती. जनरेटर आहे, पण त्यात डिझेल आहे का, त्याची बॅटरी जिवंत आहे का आणि तो सुरू करणे रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकास येते का, हे तीन प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत रंगकामाच्या चर्चेपुढे मागे पडतात. महिन्यातून एकदा तरी तो भारासह चालवून पाहावा. लिफ्टमध्ये 'एआरडी' बसविलेले असेल तर वीज जाताच लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते. नसेल, तर आत अडकलेल्याने दार ओढून बाहेर पडण्याचा प्रयत्न करू नये. लिफ्ट अर्ध्यावर असताना अशाच प्रयत्नांत माणसे दगावतात. घंटा वाजवून थांबावे, आत हवा येत असते.

मीटरची खोली तळमजल्यावर आणि सखल असेल, तर पुराच्या वेळी पाणी तेथे पोहोचण्यापूर्वीच वीजपुरवठा बंद करून घ्यावा. पाणी शिरल्यानंतर त्या खोलीत कुणीही पाऊल टाकू नये. रस्त्यावर तुटून पडलेली तार 'मेलेली' आहे असे कधीही गृहीत धरू नये.

वीज गेल्यावर आणि आल्यावर

दिवे जाताच प्रथम शेजारी डोकवावे. शेजारच्यांकडे वीज असेल तर बिघाड घरचाच. एमसीबी पडला असेल तर तो एकदा वर करून पाहण्यास हरकत नाही. परंतु आरसीसीबी, ज्याला अनेक जण अजूनही ईएलसीबी म्हणतात, तो वारंवार पडत असेल तर कुठेतरी वीज गळते आहे. पावसाळ्यात ओल्या भिंतीतून असे हमखास होते. त्याला बांधून वा चिकटपट्टी लावून वर ठेवण्याचे धाडस जिवावर बेतू शकते.

वीज पूर्ण न जाता दिवे एकाएकी प्रखर झाले, पंखे भन्नाट फिरू लागले, तर ते अधिक गंभीर. इमारतीची न्यूट्रल तार तुटली असता २३० व्होल्टऐवजी चारशेच्या आसपास दाब घरात येऊ शकतो. अशा वेळी विचार न करता मुख्य स्विच बंद करावा.

वीज गेल्यानंतर एक दिवा वगळता फ्रीज, वातानुकूलन यंत्र, दूरचित्रवाणी, संगणक यांचे स्विच बंद करावेत. वीज परतते तेव्हा पहिली काही मिनिटे दाब वरखाली होतो, कधी ती लगेच पुन्हा जाते. दिवा दहा-पंधरा मिनिटे स्थिर राहिला की एकेक उपकरण चालू करावे. कॉम्प्रेसर असलेली शेवटी.

तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक देशभरातील वीज ग्राहकांकरिता आहे. तक्रार करताना वीजबिलावरील ग्राहक क्रमांक विचारला जातो, म्हणून जुन्या बिलाची एक प्रत मीटरजवळच अडकवून ठेवावी, आणि तक्रारीचा नोंदणी क्रमांक व वेळ लिहून घ्यावी. ठरावीक वेळेत पुरवठा सुरळीत न झाल्यास ग्राहकास भरपाई देण्याची तरतूद महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या कृतिमानके विनियमांत आहे. केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनीही ती मान्य केली आहे. वादळ, पूर अशा नैसर्गिक आपत्तींचा त्याला अपवाद आहे. एरवी मात्र तक्रारीची नोंद हाती असेल, तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, तेथे दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर मुंबई वा नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे जाता येते.